सौर पॅनेल बसली, डिझेल मात्र जळतच राहिलं: एका बेटाच्या वीजव्यवस्थेचं प्रकरण

हे प्रकरण एका लहान बेटाचं आहे. बेटाचं आणि माणसांचं नाव गाळलं आहे, ओळख पटू नये म्हणून आकडे गोल केले आहेत. या कामात मी तांत्रिक सल्लागार होतो. ज्या पहिल्या अहवालामुळे सगळं चुकीच्या वाटेला लागलं, तो तपासून योग्य ठरवणाऱ्यांत मीही होतो.

पार्श्वभूमी

बेट मुख्य भूमीच्या वीजजाळ्याला जोडलेलं नाही. घरं, शाळा, दवाखाना, मासळीसाठी बर्फाचा कारखाना आणि खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारा संच, हे सगळं डिझेल जनरेटरवर चालायचं. प्रत्येकी ३२० किलोवॉटचे तीन जनरेटर होते. दिवसभर एक चाले, संध्याकाळी लोड, म्हणजे विजेची मागणी, चढला की दुसरा जोडला जाई, तिसरा राखीव असे. रात्री लोड १४० किलोवॉटपर्यंत उतरे, दुपारी १९०च्या आसपास राही आणि संध्याकाळी ३००ला टेके. वर्षाला साधारण साडेसतरा लाख युनिट (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास) वीज लागे आणि त्यासाठी पाच लाख लिटर डिझेल जळे.

एक लिटर डिझेलचं वजन किलोभरही नसतं, पण ते जळल्यावर सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण डिझेलमधल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन जोडला जातो. म्हणजे या बेटाचं वर्षाचं उत्सर्जन १,३४० टन. दर युनिटमागे ७६६ ग्रॅम. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या २०१४च्या अहवालात वेगवेगळ्या स्रोतांचं पूर्ण आयुष्यभराचं उत्सर्जन दिलं आहे. त्यात कोळशाच्या विजेचा मध्यांक दर युनिटमागे ८२० ग्रॅम आहे, मोठ्या सौर प्रकल्पांचा ४८ आणि जमिनीवरच्या पवनचक्क्यांचा ११. हे आकडे पाहिले की डिझेलच्या जागी सौर ऊर्जा आणायची हे ठरवायला फार वेळ लागत नाही. आम्हालाही लागला नाही.

एवढ्याशा बेटाच्या १,३४० टनांनी जगाचं काय बिघडणार, असा प्रश्न त्या वेळी बैठकीत विचारला गेला होता. कार्बन डायऑक्साइड हवेत साठत जातो आणि त्याचा मोठा भाग शतकानुशतकं तिथेच राहतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत तो दशलक्ष भागांत २८० भाग होता, आज ४२०च्या वर गेला आहे. तापमानवाढ ही आजवर सोडलेल्या एकूण कार्बनच्या प्रमाणात होते, म्हणून टाळलेला प्रत्येक टन त्या बेरजेतून वजा होतो, मग तो बेटावरचा असो की महानगरातला. आणि जगातल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जेच्या निर्मितीतून आणि वापरातून येतात. प्रश्न बरोबर होता, उत्तरही बरोबर होतं. टन खरंच टळतात का, हे मोजायला मात्र आम्ही उशीर केला.

अडचण

प्रस्ताव ३०० किलोवॉट सौर पॅनेलचा होता. अपेक्षित वीज वर्षाला साडेचार लाख युनिट, म्हणजे गरजेचा चौथा हिस्सा. मग डिझेलही चौथ्या हिश्श्याने वाचेल, साधारण १ लाख २८ हजार लिटर, आणि उत्सर्जन ३४० टनांनी घटेल. अहवालाची मांडणी सरळ होती आणि सगळ्यांना पटली.

पॅनेल बसली, वर्ष झालं, हिशेब मांडला. डिझेल वाचलं होतं १९ हजार लिटर. टळलेला कार्बन जेमतेम ५० टन.

पहिला संशय पॅनेलवर गेला. धूळ, खारी हवा, सदोष जोडणी, सगळं तपासून झालं. पॅनेल ठणठणीत होती. सूर्यप्रकाश मोजणाऱ्या संवेदकाच्या नोंदींवरून ती खरोखरच साडेचार लाख युनिट देऊ शकत होती. प्रत्यक्षात घेतली गेली १ लाख ६० हजार. उरलेली वीज इन्व्हर्टरने, म्हणजे पॅनेलची वीज ग्रिडला चालेल अशी करणाऱ्या यंत्राने, निर्माणच होऊ दिली नाही, कारण ती घ्यायला जागा नव्हती. भर दुपारी, लख्ख उन्हात, पॅनेल अर्धवट काम करत होती आणि शेजारच्या शेडमध्ये दोन जनरेटर घरघरत होते.

गाठ कुठे होती

इथे थोडं खोलात जावं लागेल, कारण याच जागी बहुतेक छोट्या वीजव्यवस्था अडकतात.

डिझेल जनरेटर क्षमतेच्या साधारण ३० टक्क्यांखाली फार काळ चालवत नाहीत. इंजिन पुरेसं तापत नाही, इंधन अर्धवट जळतं, न जळलेलं डिझेल आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचते, सिलिंडरच्या आतल्या भिंती गुळगुळीत होऊन तेल खाऊ लागतात. ३२० किलोवॉटच्या जनरेटरला म्हणून किमान ९६ किलोवॉट लोड हवा. दुपारचा लोड १९० असेल, तर सौर विजेला जागा उरते फक्त ९४ किलोवॉटची. मग छपरावर ३०० किलोवॉट असोत की ६००.

हे झालं एक जनरेटर चालू असताना. प्रत्यक्षात आकाशात ढग दिसले की चालक दुसराही सुरू करून ठेवत. लहान बेटावर सगळी पॅनेल एकाच जागी असतात, त्यामुळे एक ढग आला की मिनिटाभरात निर्मिती निम्म्याहून खाली येऊ शकते. तो खड्डा भरायला कोणीतरी तयार हवं. पण दोन जनरेटर म्हणजे किमान लोड १९२ किलोवॉट, म्हणजेच दुपारचा सगळा लोड त्यांनीच खाल्ला. सौर विजेला जागा शून्य.

ज्येष्ठ चालकांशी मी यावर बोललो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "दिवे गेले की लोक माझ्या दारात येतात. डिझेल किती जळलं हे विचारायला आजवर कोणी आलेलं नाही." त्यांचं काहीही चुकत नव्हतं. आम्ही त्यांना ढगांच्या भरवशावर चालणारं यंत्र दिलं होतं, पण ढग आला तर काय करायचं याचं एकही साधन दिलं नव्हतं.

तिसरी चूक आमच्या कागदावरची, आणि मला तीच जास्त सलते. अहवालाने साडेसतरा लाख युनिटांना पाच लाख लिटरने भागलं, लिटरमागे साडेतीन युनिट असा सरासरी दर काढला आणि सौर युनिटांना तोच दर लावला. जनरेटर असा वागत नाही. नुसता फिरत ठेवायलाच या जनरेटरला तासाला सुमारे ८ लिटर लागायचं आणि त्यावर प्रत्येक युनिटमागे पाव लिटरहून किंचित कमी. सौर वीज आल्यावर दुसरा भाग वाचतो, पहिला वाचत नाही. तो वाचवायला जनरेटर पूर्ण बंदच करावा लागतो. म्हणजे साडेचार लाखातलं प्रत्येक युनिट वापरलं गेलं असतं, तरी वाचलं असतं १ लाख ७ हजार लिटरच. वीसेक हजार लिटरची तूट पहिलं पॅनेल बसण्याआधीच अहवालात बसली होती.

आणि दुसरा जनरेटर? तो दिवसा फिरता ठेवल्यामुळे वर्षाला सुमारे १९ हजार लिटर जास्तीचं जळत होतं. सौर विजेने वाचवलेल्या ३८ हजारांतले निम्मे असे गेले.

यातून आणखी एक हिशेब निघतो. सौर विजेचे ते ४८ ग्रॅम मुख्यतः पॅनेल बनवतानाचे असतात आणि पुढे मिळणाऱ्या सगळ्या युनिटांवर वाटलेले असतात. युनिटांपैकी ३६ टक्केच वापरली, तर वापरलेल्या प्रत्येक युनिटवर १३३ ग्रॅम पडतात. पॅनेल तेच, ऊन तेच.

समोर असलेले पर्याय

पहिली मागणी आली ती आणखी पॅनेल बसवण्याची. निधी देणाऱ्यांना ती आवडते, कारण बसवलेले किलोवॉट फोटोत दिसतात. पण दुपारी जागाच नसताना आणखी पॅनेल म्हणजे आणखी वाया जाणारी वीज. हा पर्याय आम्ही एका बैठकीतच बाजूला ठेवला.

मोठी बॅटरी हा दुसरा. अमेरिकन सामोआतल्या ताऊ बेटावर २०१६ मध्ये १.४ मेगावॉट सौर पॅनेल आणि ६ मेगावॉट-तासांच्या बॅटऱ्या बसवून जवळपास सगळं डिझेल हटवलं गेलं. ते उदाहरण बैठकीत वारंवार पुढे येत होतं. पण तिथे बेटाच्या गरजेच्या मानाने पॅनेल भरपूर होती. आमच्याकडे दिवसाची गरज ४,८०० युनिटांची आणि पॅनेल देणार सरासरी १,२०० युनिट. दुपारीच सगळं संपत असेल, तर रात्रीसाठी मोठी बॅटरी भरायला उरतं काय?

पवनचक्की हा पर्याय मनाला पटणारा होता. वारा रात्रीही असतो आणि पावसाळी दिवसांत, जेव्हा ऊन नसतं, तेव्हा जोर धरतो. कॅनरी बेटांतल्या एल हिएरोवर पवनचक्क्या आणि उंचावर पाणी चढवून साठवणारा जलविद्युत प्रकल्प २०१४ पासून एकत्र चालतात. २०१९ मध्ये ते बेट सलग २४ दिवस डिझेलविना चाललं. वर्षभराची सरासरी मात्र निम्म्याच्या आसपास राहते, हेही तितकंच महत्त्वाचं. आमची अडचण अशी की आमच्याकडे वाऱ्याच्या नोंदीच नव्हत्या. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेगाच्या अंदाजात १० टक्क्यांची चूक झाली, तर ऊर्जेच्या अंदाजात सुमारे ३० टक्क्यांची होते. एका अंदाजाने आधीच पोळलो होतो.

उरले तीन लहान पर्याय: कमी क्षमतेचा जनरेटर, लोड दुपारकडे सरकवणं, आणि रात्र काढण्यासाठी नव्हे तर ढगाचा खड्डा भरण्यासाठी लहान बॅटरी.

निर्णय

पहिला निर्णय क्रमाचा होता. ज्याला यंत्र लागत नाही ते आधी. बर्फाचा कारखाना आणि पाण्याचा संच मिळून ५० किलोवॉट घेत आणि सवयीने संध्याकाळी चालत. बर्फ आणि पाणी दोन्ही साठवता येतात. ते दुपारी चालवले, तर एक नवी बॅटरी न घेताच ५० किलोवॉट दुपारी वाढतात आणि संध्याकाळचा चढ ३०० वरून २५०वर येतो. म्हणजे संध्याकाळी दुसऱ्या जनरेटरची गरज संपते.

दुसरा निर्णय बॅटरीच्या मापाचा. ५०० युनिटांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ठरली, सोबत २५० किलोवॉटचा इन्व्हर्टर. इन्व्हर्टर साधा नको, स्वतः ग्रिड उभं करणारा हवा, असा आग्रह धरला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही. साधा सौर इन्व्हर्टर आधीपासून चालू असलेल्या ग्रिडची लय पाहून तिच्याशी जुळवून घेतो, जनरेटर थांबला की तोही थांबतो. ग्रिड उभं करणारा इन्व्हर्टर व्होल्टेज आणि ती लय, म्हणजे फ्रिक्वेन्सी, स्वतः धरून ठेवतो. तो नसता तर बॅटरी असूनही एक जनरेटर चोवीस तास फिरवावा लागला असता आणि ते तासाचे ८ लिटर चालूच राहिले असते.

पवनचक्कीऐवजी वारा मोजायचा मनोरा मंजूर केला. लहान जनरेटर पुढे ढकलला.

काय केलं आणि काय बिघडलं

बॅटरी यायला बरेच महिने होते. तोवर चालकांना काहीतरी आधार हवा होता, म्हणून बर्फाच्या कारखान्याला रिले, म्हणजे आपोआप वीज तोडणारा स्विच, बसवला. ढग आला, निर्मिती कमी पडून फ्रिक्वेन्सी घसरली की कारखाना आपोआप बंद होईल, त्याचा लोड कमी होईल, जनरेटरला लोड उचलायला वेळ मिळेल. बर्फाला पाच मिनिटं वीज नसली तर काही होत नाही.

दुसऱ्याच आठवड्यात भर दुपारी संपूर्ण बेट वीस मिनिटं अंधारलं. रिलेची मर्यादा खूप खाली ठेवली गेली होती. कारखाना बंद होण्याआधी जनरेटरच बंद पडला. दवाखान्याच्या स्वतंत्र बॅकअपमुळे अनर्थ टळला, पण चालकांचा विश्वास गेला. पुढचे सहा आठवडे पुन्हा दोन जनरेटर फिरत राहिले आणि मला त्यांना अडवण्याचा नैतिक अधिकार नव्हता. मग आम्ही रात्री, लोकांना आधी कळवून, चालकांच्या हातूनच चाचण्या घेतल्या. मर्यादा त्यांनीच सुचवली, आमच्यापेक्षा थोडी जास्त सावध. ती अजून तशीच आहे.

बर्फाच्या कारखान्यात शिरल्यावर एक वेगळीच गोष्ट हाती लागली. तिथल्या जुन्या यंत्रात आर-४०४ए हा थंडाव्यासाठी वापरला जाणारा वायू होता आणि दुरुस्तीच्या वहीत दरवर्षी साधारण २० किलो वायू भरल्याची नोंद होती. भरला म्हणजे तितका गळला. या वायूची शंभर वर्षांतली उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३,९२२ पट धरतात. २० किलो गळती म्हणजे ७८ टन. आख्ख्या सौर प्रकल्पाने पहिल्या वर्षी टाळले होते ५० टन, आणि एका सैल जोडातून त्याहून जास्त हवेत जात होतं. जोड बदलले, गळती तपासण्याचं महिन्याचं वेळापत्रक लावलं. हे काम कोणत्याही प्रस्तावात नव्हतं.

बॅटरी आली त्यानंतरच्या एका स्वच्छ दुपारी शेवटचा जनरेटर बंद केला. शेडमध्ये एकदम शांतता पसरली. ज्येष्ठ चालक फ्रिक्वेन्सीच्या मीटरसमोर दीड तास उभे होते, बोलले नाहीत, जागचे हललेही नाहीत.

निष्पत्ती

बॅटरीसह चाललेल्या पहिल्या पूर्ण वर्षात सौर विजेची सुमारे ४ लाख युनिटं वापरात आली. डिझेल ४ लाख १० हजार लिटरवर आलं. मूळ पाच लाखांशी तुलना केली तर घट १८ टक्के, कार्बन सुमारे २४० टनांनी कमी. बॅटरी बनवतानाचं उत्सर्जन युनिट क्षमतेमागे शंभर किलो धरलं, तर ५० टन होतं, म्हणजे अडीच महिन्यांत फिटतं.

या दरम्यान बेटाचा वीजवापरही ५ टक्क्यांनी वाढला. वीज भरवशाची झाली, घरोघरी फ्रीझर आले. जुन्या पद्धतीने एवढी वाढीव वीज दिली असती तर ५ लाख २१ हजार लिटर लागलं असतं. त्या आकड्याशी तुलना केली तर बचत १ लाख ११ हजार लिटरची दिसते. अहवालात कोणता आकडा द्यायचा यावर वाद झाला. मी दोन्ही द्यायला लावले. फ्रीझर घेणाऱ्या कुटुंबाने काही गैर केलेलं नाही, पण हवेत जाणारा कार्बन तुलनेने नव्हे, प्रत्यक्ष जळलेल्या लिटरने ठरतो.

पावसाळ्यातले महिने जवळजवळ पूर्वीसारखेच डिझेलवर जातात. तिथे या प्रकल्पाने काहीही बदललेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पॅनेल मागवण्याआधी जनरेटरच्या नोंदवह्या वाचायला हव्या होत्या. दर तासाचा लोड, कोणता जनरेटर कधी चालू, हे सगळं चालकांनी वर्षानुवर्षं हाताने लिहून ठेवलं होतं. आम्ही वार्षिक बेरीज मागितली आणि तीच मिळाली. तासांच्या नोंदी पाहिल्या असत्या तर ९४ किलोवॉटची मर्यादा एका दुपारात समजली असती. तेव्हा पॅनेल कदाचित निम्मीच घेतली असती आणि उरलेल्या निधीतून बॅटरी पहिल्याच दिवशी आली असती. तसं झालं असतं तर मधल्या काळात वाया गेलेली लाखो युनिटं वाचली असती.

लोड दुपारकडे सरकवणं तर पॅनेल येण्याच्याही आधी सुरू करता आलं असतं. एकट्या संध्याकाळच्या दुसऱ्या जनरेटरचे वर्षाला चौदा-पंधरा हजार लिटर वाचले असते, तेही एकही पॅनेल न लावता.

निधी देणाऱ्यांशी झालेल्या करारात यशाचं माप 'बसवलेले किलोवॉट' असं होतं. ते माप मी वाचलं होतं आणि हरकत घेतली नव्हती. दुसऱ्या टप्प्याच्या करारात ते बदलून 'जळलेलं डिझेल, लिटरमध्ये, दर महिन्याला' असं केलं आहे. लहान जनरेटर पुढे ढकलण्याबद्दल मी अजून साशंक आहे. पावसाळ्यात रात्री १४० किलोवॉटसाठी ३२०चं इंजिन फिरतं, तेव्हा तो निर्णय चुकला असं वाटतं. पण वारा चांगला निघाला तर तो जनरेटर कमी वर्षांत निरुपयोगी ठरेल, हेही खरं.

मनोरा उभा राहून सात महिने झाले आहेत. पाच महिन्यांच्या नोंदी बाकी आहेत, आणि त्यात पावसाळा अजून यायचा आहे. तोवर पवनचक्कीचा आकडा कोणीही कागदावर लिहायचा नाही, असं ठरलं आहे. ज्येष्ठ चालकांनी लॉगबुकात स्वतःहून एक नवा रकाना आखला आहे: 'जनरेटर बंद, तास.'